हिरवी भुकटी आणि आपली न्याहारी

मध्यमवर्गीय घरांच्या फडताळात गेल्या काही वर्षांत एका नव्या डबीची भर पडली आहे. तिच्यात गडद हिरव्या रंगाची, काहीशी उग्र वासाची भुकटी असते आणि डबीवर ‘स्पिरुलिना’ हे नाव असते. सकाळी ताकात, फळांच्या रसात किंवा ओटच्या लापशीत ही भुकटी चमचाभर कालवून घेतली, की शरीराला लागणारी प्रथिने, लोह, जीवनसत्त्वे असे सारे काही एका घोटात मिळते, असे तिच्या जाहिराती सांगतात. चहा-पोळीवर सकाळ भागवून शाळा गाठणारे शिक्षक, साताच्या लोकलमध्ये उभे राहून कचेरीला जाणारे कारकून, घरातल्या चौघांचे डबे भरताना स्वतःची न्याहारी विसरणाऱ्या नोकरदार स्त्रिया आणि खानावळीच्या जेवणाला कंटाळलेले विद्यार्थी, या सर्वांना हे आश्वासन मोहक वाटावे यात नवल नाही. आपले खाणे कोठेतरी अपुरे पडते आहे, ही रुखरुख त्यांच्या मनात असतेच आणि ती खोटीही नाही. त्या रुखरुखीवर सुचवण्यात आलेला इलाज मात्र नीट तपासून घ्यावयास हवा.

हे शेवाळ काल-परवा कोणी शोधून काढलेले नाही. शास्त्रज्ञ त्याची गणना आता निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवाणूंत करतात. खाऱ्या आणि अल्कधर्मी पाण्यात ते विशेष फोफावते. आपल्या लोणारच्या सरोवरातही या कुळातील शेवाळ आढळते. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोत उतरले, तेव्हा तेश्कोको सरोवरावरचा हिरवा तवंग गोळा करून वाळवलेल्या वड्या तेथील बाजारात विकावयास येत असल्याचे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. आफ्रिकेत चाड सरोवराच्या परिसरातील कानेम्बू स्त्रिया डबक्यांवर साचलेले हे शेवाळ वाळूवर गाळून उन्हात वाळवतात आणि त्याची आमटी करून ती बाजरीसारख्या भरड धान्याच्या जेवणाबरोबर वाढतात. ‘दिहे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वड्यांकडे १९४० साली एका फ्रेंच शास्त्रज्ञाने लक्ष वेधले. परंतु जगाचे कुतूहल जागे झाले ते १९६०च्या दशकात बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ झां लेओनार यांनी त्यांचा पुन्हा अभ्यास केल्यानंतर.

या इतिहासातील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चाडमधील ती स्त्री शेवाळाकडे औषध म्हणून पाहत नाही. तिच्या दृष्टीने ते कालवण आहे. पोटभर भाकरीसारख्या अन्नाशी ते खाल्ले जाते आणि ते मिळवण्यासाठी तिला श्रम पडतात, पैसे पडत नाहीत. आपल्या फडताळातील डबीची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे. तिच्यासाठी श्रम पडत नाहीत, पैसे मात्र बरेच पडतात, आणि पुष्कळदा ती पोटभर अन्नाच्या जागी घेतली जाते.

चमच्याचा हिशेब

या भुकटीतील घटकांविषयी जे सांगितले जाते, ते बहुतांशी खरे आहे. शंभर ग्रॅम वाळलेल्या स्पिरुलिनात सुमारे ५७ ग्रॅम प्रथिने आणि २८ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. कोणत्याही डाळीच्या दुपटीहून अधिक भरणारा प्रथिनांचा हा आकडा पाहून कोणीही थक्क व्हावे. परंतु शंभर ग्रॅम भुकटी एका वेळी कोणी खात नाही. जाहिरातदार स्वतःच तीन ते पाच ग्रॅम घ्यावयास सांगतात, आणि हिशेब करावयाचा तो त्या पाच ग्रॅमचा. पाच ग्रॅममध्ये प्रथिने सुमारे तीन ग्रॅम, लोह दीड मिलिग्रॅमहून थोडे कमी, कॅल्शियम सहा मिलिग्रॅम आणि उष्मांक जेमतेम पंधरा!

आता ही संख्या गरजेशी ताडून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला सुमारे ५४ ग्रॅम प्रथिने लागतात. प्रौढ स्त्रीला लोह २९ मिलिग्रॅम लागते. म्हणजे चमच्यातून पुरुषाच्या प्रथिनांचा अठरावा हिस्सा आणि स्त्रीच्या लोहाचा विसावा हिस्सा भागतो. उलट एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅमहून अधिक असतात. तेवढ्याच मुगाला किंवा मटकीला मोड आणून उसळ केली, तरी सात ग्रॅमच्या आसपास मिळतात. कॅल्शियमचे पाहावयाचे, तर तीस ग्रॅम नाचणीच्या पिठाची आंबील शंभर मिलिग्रॅम देते आणि चमचाभर भुकटी देते सहा.

पैशाचा हिशेब याहून बोलका आहे. शंभर ग्रॅमच्या डबीला दोन-तीनशे रुपये सहज पडतात आणि ती वीस दिवसांत संपते. त्या सबंध डबीत जितकी प्रथिने असतात, तितकी पाव किलोहूनही कमी शेंगदाण्यांत मिळतात आणि त्यांना चाळीसएक रुपयांहून अधिक पडत नाहीत. शेवाळातील प्रथिने परिपूर्ण असतात, असा युक्तिवाद यावर केला जाईल. तो चुकीचा नाही. परंतु डाळीत जे उणे असते ते तांदूळ, ज्वारी, गहू भरून काढतात आणि धान्यात जे उणे ते डाळ भरून काढते. वरण-भात, उसळ-भाकरी, थालीपीठ या जोड्यांनी हे काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या केले आहे.

जुनेच स्वप्न

शेवाळाच्या भुकटीने माणसाचे पोषण करण्याची कल्पना नवी नाही आणि तिचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर वाढत्या लोकसंख्येला अन्न पुरणार कसे, या चिंतेने जगातील विद्वानांना घेरले होते. क्लोरेला नावाच्या हिरव्या शेवाळावर अमेरिकेत व जपानात मोठ्या उमेदीने प्रयोग झाले. अमेरिकेतील कार्नेगी संस्थेने १९५३ साली त्यावर एक जाडजूड ग्रंथच प्रसिद्ध केला. टाक्यांतून शेवाळ पिकवावे आणि जगाची भूक भागवावी, असे ते स्वप्न होते. प्रत्यक्षात शेवाळ पिकवणे, गाळणे, वाळवणे हे साध्या शेतीपेक्षा पुष्कळ महाग पडले आणि गरिबांसाठी म्हणून आरंभलेले हे अन्न अखेर श्रीमंतांच्या आरोग्यवर्धक वस्तूंच्या दुकानात जाऊन स्थिरावले.

त्याच सुमारास पोषणशास्त्रात ‘प्रथिनांची तूट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला होता. १९६८ साली संयुक्त राष्ट्रसंघाने येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देणारा अहवाल काढला. माशांची भुकटी, यीस्टची भुकटी, शेवाळाची भुकटी असे नाना उपाय पुढे आले. या गदारोळात ज्यांनी आकडे शांतपणे मांडून वेगळा निष्कर्ष काढला, त्यांत एक मराठी नाव अग्रभागी होते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी रोम येथील अन्न व शेती संघटनेत अनेक वर्षे काम केले होते. भारतातील कुपोषणाच्या मुळाशी एकट्या प्रथिनांची उणीव नाही. लोकांना एकूण अन्नच पुरेसे मिळत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अन्न अपुरे असले, की शरीर मिळालेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. चुलीत सरपण नसले म्हणजे घरातले लाकडी सामान जाळावे, तसाच हा प्रकार!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी प्रयोगान्ती याच दिशेने जात होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कुपोषित ग्रामीण बालकांना चौदा महिने रोज एक पूरक खाऊ देण्यात आला. गव्हाचे पीठ, साखर आणि खाद्यतेल यांच्या त्या साध्या खाऊतून सुमारे ३१० उष्मांक आणि अवघी तीन ग्रॅम प्रथिने मिळत. खाऊ न मिळालेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांची उंची आणि वजन स्पष्टपणे अधिक वाढले. वाचकांनी येथे क्षणभर थांबून तुलना करावी. तीन ग्रॅम प्रथिने त्या खाऊतही होती आणि पाच ग्रॅम हिरव्या भुकटीतही तेवढीच असतात. मुले वाढली ती त्या प्रथिनांसोबत आलेल्या तीनशे उष्मांकांमुळे, म्हणजे अन्नामुळे. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, डोनाल्ड मॅकलारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रथिन-मोहिमेचे वर्णन एक महान फजिती असे केले.

सुखात्मे यांचे प्रत्येक मत पुढे जसेच्या तसे मान्य झाले असे नाही. त्यांवर पुष्कळ वाद झाले. आपल्या आहारात डाळींचे प्रमाण घटले, हेही नाकारता येणार नाही. १९५१ साली देशात दरडोई रोज सुमारे ६० ग्रॅम डाळी-कडधान्ये उपलब्ध होती. २००१ पर्यंत ते प्रमाण निम्म्यावर आले. त्यानंतर त्यात काही सुधारणा झाली असली, तरी ताट धान्यानेच भरायचे ही सवय कायम आहे. परंतु डाळ कमी झाली असेल तर डाळ वाढवावी, ती पिकेल आणि परवडेल असे पाहावे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे. त्यासाठी शेवाळाकडे धाव घेण्याचे प्रयोजन दिसत नाही.

शेवाळाचे खरे काम

याचा अर्थ शेवाळ निरुपयोगी आहे, असा मुळीच नाही. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि मद्रासच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात त्यावर दीर्घकाळ मोलाचे काम झाले. मद्रासच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. शेषाद्री यांच्या नेतृत्वाखाली, खेड्यातील स्त्रियांना साध्या हौदांत शेवाळ पिकवता यावे, अशी पद्धत शोधण्याचा प्रयत्न झाला. १९९०च्या दशकाच्या आरंभी तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात सुमारे पाच हजार लहान मुलांना रोज एक ग्रॅम स्पिरुलिना देण्याचा प्रयोग झाला. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळ्यांत दिसणारे पांढुरके ठिपके त्या मुलांमध्ये मोठ्या प्रमाणात कमी झाल्याचे आढळले. या शेवाळात बीटा-कॅरोटीन विपुल असते आणि त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. तेव्हा हा परिणाम समजण्याजोगा आहे.

मात्र या प्रयोगाची सीमाही ओळखली पाहिजे. तेथे एका विशिष्ट उणिवेवर एक विशिष्ट उपाय, मोजून-मापून, देखरेखीखाली केला गेला. ज्याचा अभाव अतिशय अल्प मात्रेत भरून काढता येतो, तेथे चमच्याला अर्थ असतो. ज्याची गरज मुठींनी आणि वाट्यांनी मोजावी लागते, तेथे चमचा अपुराच पडणार.

ब-१२ची फसगत

भुकटीने पूर्ण गरज भागली नाही तरी नुकसान तर होत नाही, असे पुष्कळांना वाटेल. पैशाचे नुकसान सोडून दिले, तरी एका बाबतीत हे खरे नाही. शाकाहारी कुटुंबांत ही भुकटी पुष्कळदा घेतली जाते ती ब-१२ या जीवनसत्त्वासाठी. हे जीवनसत्त्व भाज्या, धान्ये, डाळी यांत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. त्याची उणीव आपल्या प्रांतात किती पसरलेली आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे. गरोदर स्त्रियांत ती विशेष चिंताजनक, कारण तिचे परिणाम पुढच्या पिढीपर्यंत पोचतात.

स्पिरुलिनाच्या डब्यांवर ब-१२चा उल्लेख ठळकपणे आढळतो. परंतु या शेवाळात जे असते, त्याचा बहुतेक भाग त्या जीवनसत्त्वाचे केवळ सोंग घेतलेला असतो. रचनेत तो साम्य दाखवतो, काही जुन्या चाचण्यांतही मोजला जातो. परंतु मानवी शरीराला त्याचा उपयोग करून घेता येत नाही. शास्त्रज्ञ त्याला छद्म ब-१२ म्हणतात. ही उणीव वर्षानुवर्षे अंगात मुरत राहते. हातापायांना मुंग्या येणे, थकवा, विस्मरण अशी तिची लक्षणे वयाच्या किंवा कामाच्या माथी मारली जातात. आपण तर रोज भुकटी घेतो, मग उणीव कशी असेल, असे समजून एखाद्या गृहिणीने रक्त तपासून घेण्याचे टाळले, तर मज्जातंतूंची हानी कायमचीही होऊ शकते. पोषणाचा खोटा दिलासा हा उपासाइतकाच घातक ठरतो, तो असा.

दुसरी बाब शुद्धतेची. उघड्या पाण्यातून गोळा केलेल्या शेवाळात यकृताला घातक अशी विषे निर्माण करणाऱ्या इतर जातींची भेसळ होऊ शकते, आणि पाण्यात जड धातू असतील तर तेही उतरतात. अमेरिकेतील ओरेगन राज्याने तेथील सरोवरातून काढल्या जाणाऱ्या एका वेगळ्या जातीच्या शेवाळाबाबत १९९७ साली अशा विषाची मर्यादा ठरवून दिली, ती याच कारणासाठी. नियंत्रित हौदांत पिकवलेली स्पिरुलिना पुष्कळ सुरक्षित असते. परंतु सुटी, परवाना क्रमांक नसलेली भुकटी घेणे शहाणपणाचे नव्हे. आपल्याकडे २०१६च्या नियमांनुसार अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर तो औषधोपचारासाठी नाही, असे छापणे बंधनकारक आहे. जाहिरातीतील मोठ्या अक्षरांपेक्षा ही बारीक अक्षरे अधिक प्रामाणिक असतात!

ताट कोणाचे?

मग न्याहारीचे करावे काय? उत्तर कोणाही गृहिणीला ठाऊक आहे. पोह्यांत मूठभर शेंगदाणे घालावेत आणि वरून लिंबू पिळावे, म्हणजे त्यांतील लोह शरीराला अधिक मिळते. चहा मात्र खाण्याबरोबर न घेता तासाभराने घ्यावा, कारण तो लोहाचे शोषण रोखतो. मोडाची उसळ, भाजणीचे थालीपीठ आणि दही, मुगाचे घावन, नाचणीची आंबील, ज्यांना चालते त्यांना अंडे, यांतील काही ना काही रोज ताटात असावे. एवढे झाल्यावर कोणाला हौसेने चमचाभर शेवाळ घ्यावेसे वाटले, तर खुशाल घ्यावे. भरल्या ताटावर ती चटणी ठरेल. रिकाम्या ताटाची जागा ती भरून काढणार नाही.

हे माहीत असूनही घडत नाही, याचे कारण अज्ञान नव्हे. मटकी आदल्या रात्री भिजवावी लागते, थालीपीठ सकाळी थापावे लागते, आणि हे काम बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या वाट्याला येते. तीच व्यक्ती सर्वांचे झाल्यावर उभ्या उभ्या चहाचा घोट घेऊन बाहेर पडते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच अवस्था होती. हा आकडा चमचाभर भुकटीने हलणारा नाही. घरातील पुरुषांनी आणि मोठ्या मुलांनी सकाळचे अर्धे काम उचलले आणि त्या स्त्रीला पंधरा मिनिटे बसून खाता आले, तर तो हलण्यास आरंभ होईल. भुकटी विकत आणणे यापेक्षा सोपे आहे, म्हणूनच ती विकली जाते.

आणि प्रश्न आपल्याच घरापुरता नाही. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. यांतील पुष्कळ मुले पुढे शाळेत येतात तेव्हा सकाळी काही न खाताच येतात, हे खेड्यातील आणि शहरांच्या वस्त्यांतील शिक्षकांना सांगावयास नको. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे आणि अंडे न खाणाऱ्यांना फळ देण्याचा स्तुत्य निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्यासाठीचा निधी थांबवून, हवे असल्यास लोकवर्गणीतून खर्च करावा, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या गावात शाळेच्या पत्र्यांसाठी वर्गणी जमत नाही, त्या गावात अंड्यांसाठी ती कोठून जमणार?

एका बाजूला सुखवस्तू घरांत तीन ग्रॅम प्रथिनांसाठी दहा-पंधरा रुपयांचा चमचा रिचवला जातो आणि दुसऱ्या बाजूला सहा ग्रॅम प्रथिनांचे सात-आठ रुपयांचे अंडे शाळकरी मुलाच्या ताटातून उचलले जाते. पोषण ही प्रत्येकाने आपापल्या डबीतून विकत घ्यावयाची वस्तू आहे, अशी समजूत एकदा रुजली, की सार्वजनिक ताटाची काळजी कोणालाच उरत नाही. हिरव्या भुकटीचा सर्वांत मोठा दोष शोधावयाचा, तर तो तिच्या गुणधर्मांत सापडणार नाही. या समजुतीत सापडेल.

शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या संघटना वेतन आणि शुल्क यांबाबत जागरूक असतात, आणि ते योग्यच आहे. त्यांच्या मागण्यांच्या यादीत शाळेतील अंड्याचीही एक ओळ असावयास हवी. अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी आपल्या भागातील आमदाराला या एका गोष्टीविषयी लेखी विचारणा करणे, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो ठराव मांडणे, एवढे तरी आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे. त्याला खर्च येत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.